दहावीच्या पुस्तकातून गळालेली उत्क्रांती: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षासाठी एनसीईआरटी या शालेय पुस्तके तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेने छापलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ असे झाले. नावाबरोबर मजकूरही गेला. डार्विनचा परिचय, जीवाश्मांवरून काळ कसा ठरवतात त्याचे विवेचन, नव्या प्रजाती कशा निर्माण होतात त्याची चर्चा आणि मानवाच्या उत्क्रांतीवरील भाग हे सारे वगळले गेले. गुजरात बोर्डाने विज्ञानासाठी एनसीईआरटीचीच पुस्तके स्वीकारलेली असल्यामुळे बडोद्यातल्या मुलांच्या दप्तरातही हाच बदल पोहोचला. आपल्याकडे त्यावर थोडी पत्रके निघाली, काही लेख आले आणि विषय मागे पडला. शाळेत उत्क्रांती शिकवावी की नाही हा वाद मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. दहावीत झालेल्या या कपातीचे वजन कळण्यासाठी तो वाद कुठून आला आणि भारतात त्याने कोणते रूप घेतले हे पाहावे लागते.

चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांचे निबंध १८५८ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या धर्मपंडितांशी खडाजंगी झाली खरी, पण ती विद्वानांच्या सभांपुरती राहिली. वाद शाळेच्या वर्गात शिरला तो अमेरिकेत, आणि तोही पहिल्या महायुद्धानंतर. तोवर तिथे माध्यमिक शाळांचा प्रसार झाला होता आणि जे पूर्वी मूठभरांच्या कानांवर जाई ते आता शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या पुस्तकात येऊ लागले होते. बायबलमधील सहा दिवसांच्या सृष्टिनिर्मितीवर शब्दशः विश्वास ठेवणाऱ्या पालकांना ते खटकले. टेनेसी राज्याने मार्च १९२५ मध्ये कायदा करून, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकवणे हा गुन्हा ठरवला.

त्याच वर्षी जुलैमध्ये डेटन या लहानशा गावात जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर खटला चालला. तो मुद्दाम घडवून आणलेला खटला होता. कायद्याला आव्हान देऊ पाहणाऱ्या नागरी हक्कांच्या संस्थेने त्यासाठी शिक्षक हवा अशी जाहिरात दिली होती, आणि गावाचे नाव होईल म्हणून डेटनच्या काही प्रतिष्ठितांनी स्कोप्सला तयार केले. सरकारपक्षाकडून तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले आणि बचावाला क्लॅरन्स डॅरो हे नामांकित वकील आले. खटल्याचे वृत्त रेडिओवरून थेट प्रसारित झाले. डॅरोंनी ब्रायन यांनाच साक्षीदार म्हणून बोलावून बायबलवर उलटतपासणी घेतली, ती गोष्ट आजही सांगितली जाते. निकाल मात्र विरुद्धच गेला. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला, आणि १९२७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला तोही केवळ दंडाची रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरवली या तांत्रिक कारणावरून. कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला.

ब्रायन यांची बाजू सरसकट अडाणीपणाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्कोप्सच्या वर्गात जे जीवशास्त्राचे पुस्तक होते त्यात उत्क्रांतीच्या जोडीला मानववंशाच्या ‘सुधारणे’चा, म्हणजे दुर्बळांना संतती होऊ न देण्याचा पुरस्कारही होता, आणि ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा न्याय असे मुलांच्या मनावर ठसेल ही ब्रायन यांची भीती त्या काळात निराधार नव्हती. चूक होती ती यावर उपाय म्हणून विज्ञानच वर्गाबाहेर काढण्यात.

या खटल्याची कथा सांगताना बहुतेक जण डॅरोंच्या उलटतपासणीपाशी थांबतात. मला मात्र त्यानंतरची चाळीस वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. खटल्यानंतर अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांनी बंदी येण्याची वाटच पाहिली नाही. दक्षिणेकडील राज्यांत पुस्तके खपावीत म्हणून त्यांनी उत्क्रांतीचा भाग आपणहून आखडता घेतला, कुठे शेवटच्या प्रकरणात ढकलला, कुठे तो शब्दच काढून टाकला. खुद्द स्कोप्सच्या वर्गातले पुस्तकही पुढच्या आवृत्तीत असेच सोवळे झाले. त्यासाठी कोणाला न्यायालयात जावे लागले नाही. जाग आली ती १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर. विज्ञानाच्या शिक्षणात आपण मागे पडलो या धास्तीने केंद्राचा पैसा ओतला गेला, शास्त्रज्ञांनी जीवशास्त्राची नवी पुस्तके लिहिली आणि १९६० च्या दशकात उत्क्रांती पुन्हा वर्गात आली.

त्यानंतरची लढाई न्यायालयांत झाली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सा राज्याची बंदी घटनाबाह्य ठरवली. मग ‘सृष्टिविज्ञान’ या नावाने बायबलची कथा उत्क्रांतीच्या बरोबरीने शिकवण्याचे कायदे आले आणि १९८७ मध्ये लुइझियानाच्या प्रकरणात तेही फेटाळले गेले. पुढचा अवतार होता ‘बुद्धिमान रचने’चा, म्हणजे सजीवांची गुंतागुंत पाहता ती कोणा बुद्धिमान रचनाकारानेच घडवली असणार या मांडणीचा. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने तो वर्गात आणू पाहिला तेव्हा अकरा पालक न्यायालयात गेले. सुनावणीत एका पुस्तकाचे जुने मसुदे पुढे आले आणि सृष्टिवादाची वाक्ये जशीच्या तशी ठेवून फक्त नाव बदलल्याचे त्यांत दिसले. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालपत्रात हा धर्मविचारच आहे, विज्ञान नव्हे, असे स्पष्ट केले. अमेरिकेबाहेर तुर्कस्तानने २०१७ मध्ये माध्यमिक अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळण्याचे जाहीर केले, तेव्हा मुले लहान आहेत, त्यांना हे समजणार नाही, असे कारण दिले गेले. ‘अवघड आहे’ हे कारण पुढे आपल्याकडेही ऐकू येणार होते.

भारतात मात्र सुरुवात अगदी वेगळी झाली. इथे डार्विनला धर्माच्या नावाने फारसा विरोध झालाच नाही. जिथे एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा मानला जातो तिथे पृथ्वी सहा हजार वर्षांची नाही हे ऐकून कोणाची झोप उडणार नव्हती. उलट नवशिक्षितांना त्यात आपलेच काहीतरी सापडले. कलकत्त्याला केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या एका व्याख्यानात दशावतारांची संगती उत्क्रांतीशी लावली: आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, नरसिंह, वामन आणि पुढे पूर्ण मानव. हा विचार इतका पसरला की आजही आपल्याकडच्या प्रवचनांत तो ऐकायला मिळतो, आणि सांगणाऱ्याच्या मनात विज्ञानाविषयी आदरच असतो. बडोद्याचाही या इतिहासात वाटा आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात इथे होते, बडोदा कॉलेजात त्यांनी शिकवले, आणि पुढे पाँडिचेरीत त्यांनी जे तत्त्वज्ञान मांडले त्याच्या केंद्रस्थानी चेतनेची उत्क्रांती ही कल्पना आहे.

या सामंजस्याने आपल्याला डेटनसारख्या खटल्यापासून वाचवले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची किंमतही मोजावी लागली. दशावतारांची मांडणी असो की चेतनेच्या आरोहणाची, दोन्हींत खालून वर जाणारा एक जिना आहे आणि त्याच्या टोकाला माणूस किंवा त्याहून श्रेष्ठ काही उभे आहे. डार्विनच्या सिद्धांतात असा जिना नाही. त्यात फांद्या फुटत जाणारा वृक्ष आहे, कोणतेही पूर्वनियोजित ध्येय नाही, आणि बदल घडतो तो सजीवांमधल्या लहानसहान फरकांवर परिस्थितीची चाळण पिढ्यानपिढ्या चालत राहिल्यामुळे. आपण उत्क्रांती नावापुरती स्वीकारली आणि नैसर्गिक निवड हा तिचा गाभा समजून घ्यायचा राहूनच गेला. ज्याला विरोध झाला नाही, त्याच्या बाजूने उभे राहण्याची सवयही लागली नाही.

याचा प्रत्यय जानेवारी २०१८ मध्ये आला. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, आणि शाळा-कॉलेजांतले हे शिक्षण बदलले पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळायला सांगितले. तेवढ्यावर ते थांबले. आजची माकडे आपले पूर्वज नाहीत, त्यांचा आणि आपला पूर्वज एक आहे, एवढी साधी गोष्ट दहावीच्या तेव्हाच्या पुस्तकात होती.

त्या पुस्तकातला हा भाग शिकवायलाही चांगला होता. झुडपांत राहणाऱ्या लाल भुंगेऱ्यांत एखादा हिरवा भुंगेरा जन्माला येतो, पानांत मिसळून गेल्याने तो कावळ्यांना दिसत नाही, त्याची संतती वाढत जाते. इथे निवड झाली. दुसऱ्या प्रसंगात एक निळा भुंगेरा असतो, हत्तीच्या पायाखाली बाकीचे चिरडले जातात आणि योगायोगाने निळे उरतात. इथे रंगाचा काही फायदा नव्हता, बदल तरीही झाला. हा भेद पंधरा वर्षांच्या मुलाला दोन चित्रांत कळत असे. एकाच रानकोबीपासून शेतकऱ्यांनी निवड करत करत कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल कसे घडवले हेही तिथे होते. खंडेराव मार्केटमध्ये आईबरोबर भाजीला जाणाऱ्या मुलीला ते वेगळे समजावण्याची गरज नव्हती.

हा भाग गेला तो कोविडच्या काळात. शाळा बंद असताना अभ्यासाचे ओझे कमी करावे म्हणून जी कपात झाली तिच्यात तो प्रथम तात्पुरता वगळला गेला, आणि मुलांच्या तोंडी ‘तो धडा कॅन्सल झालाय’ हे वाक्य आले. २०२२ मध्ये एनसीईआरटीने पुनरावृत्ती, काठिण्य आणि ओझे या कारणांनी वगळायच्या मजकुराची यादी काढली, आणि २०२३ च्या पुस्तकांत ती कायम झाली. आवर्तसारणीही दहावीतून अकरावीत गेली. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकाराने निघालेल्या खुल्या पत्रावर १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमींनी सह्या केल्या. तेव्हाचे शिक्षण राज्यमंत्री सुभाष सरकार यांनी हा अपप्रचार असल्याचे म्हटले: ज्याला डार्विन वाचायचा आहे त्याच्यासाठी पुस्तके आहेत, आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे प्रकरण शाबूत आहे.

प्रकरण शाबूत आहे हे खरे. कोणी सृष्टिवाद शिकवायला घेतलेला नाही हेही खरे. राज्याच्या संपूर्ण खर्चाने चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही असे घटनेचे २८ वे कलम सांगते, आणि १९७६ मध्ये जोडलेल्या ५१-अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा आपला प्रश्न डोव्हरचा नाही. तो डेटननंतरच्या प्रकाशकांचा आहे, जिथे बंदी न घालताही एक विषय सर्वांच्या शिक्षणातून निघून जातो.

सर्वांच्या शिक्षणाची गोष्ट बडोद्याला सांगायला नको. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडताना बडोद्याचाच दाखला दिला होता. ज्याला हवे त्याने शोधून शिकावे असे सयाजीराव म्हणाले नाहीत. त्यांच्याच काळात कमाटी बागेत म्युझियम उभे राहिले. तिथे निळ्या देवमाशाचा सुमारे ७० फूट लांबीचा सांगाडा आहे. तो देवमासा १९४४ मध्ये मही नदीत वाहून आला होता. बडोद्याच्या पिढ्यांनी त्याच्यापुढे तोंडात बोट घातले आहे. पण शिक्षकाने त्याच्या पुढच्या पराकडे बोट दाखवले तर मुलांना दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन हाडे आणि शेवटी बोटांची हाडे मोजता येतात, जशी स्वतःच्या हातात. पाठीचे मणकेही वरखाली वाकण्यासाठी आहेत, माशासारखे डावीउजवीकडे नाहीत, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर धावणारे होते.

हे अनुमान हवेतले नाही आणि त्याचे पुरावे परदेशातलेही नाहीत. कच्छच्या खडकांत चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांची हाडे मिळाली आहेत. जीवाश्मतज्ज्ञ अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास केला, आणि त्यांतल्या एका लहानशा प्रजातीला सुनील बाजपेयी व हान्स थेविसन यांनी २००० साली कच्छचेच नाव दिले: कच्छिसेटस. काश्मीरमध्ये ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांतून तर देवमाशाचा खुरांचा नातेवाईक निघाला. रंगा राव यांच्या निधनानंतर ते दगड थेविसन यांच्याकडे गेले, त्यांतली एक कवटी साफ करताना फुटली आणि कानाचे आतले हाड दिसले; एका बाजूला जाड असलेली तशी ठेवण देवमाशांत ओळखीची होती. इंडोहायस या प्राण्याचे देवमाशाशी असलेले हे नाते २००७ मध्ये जगापुढे आले. बडोद्याहून सहलीची बस सकाळी निघून संध्याकाळी परत येते एवढ्या अंतरावर बालासिनोरजवळ रहियोली आहे, जिथे १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी डायनोसॉरची हाडे खणून काढली. २००३ मध्ये त्यांतल्या एकाचे राजासॉरस असे नामकरण झाले.

रहियोलीला आता म्युझियम आहे आणि शाळांच्या सहली तिथे जातात. दहावीतली मुले तिथे जीवाश्म पाहतात, पण जीवाश्मांचा विभाग त्यांच्या पुस्तकात नाही. दहावीनंतर जी कॉमर्स किंवा आर्ट्सला जातात त्यांचे विज्ञान तिथेच संपते. सायन्स घेणाऱ्यांपैकी इंजिनीअरिंगकडे वळणारी ए ग्रुप निवडतात आणि त्यांना जीवशास्त्र नसते. बारावीतले ते शाबूत प्रकरण गुजरातमध्ये वाचले जाते ते बी ग्रुपच्या, म्हणजे मुख्यतः मेडिकलच्या वाटेवरच्या मुलांकडून, आणि ज्यांनी गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले आहेत अशा थोड्यांकडून.