बंद लोहमार्गावरची पायवाट

गाड्या बंद झालेल्या किंवा रूळ काढून नेलेल्या लोहमार्गाच्या भरावावरून पायी वा सायकलने जाण्याची वाट. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय–स्पार्टा ही या प्रकारातल्या सर्वांत जुन्या वाटांपैकी एक असून ती तीन बोगद्यांतून जाते.

या वाटा पायाला सोप्या असतात, कारण आगगाडीला १०० मीटरला १ मीटर चढही जड जातो. त्यामुळे टेकाड खोदून आणि सखलात भराव घालून चढ मोडलेला असतो. जोतिबाची पायवाट डोंगरावर सरळ चढते. रूळ तिथे मैलभर वळसा घेतील. शिवारात जुना मार्ग ओळखायची पहिली खूण हीच: लांबलचक, संथ वळण आणि एकसारखी उंची.

मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये मीटरगेजवर (दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, १,००० मिमी) सुरू झाला आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज (१,६७६ मिमी) झाला. हा मार्ग आजही चालू आहे, त्यावरून चालायचे नाही. गेजबदलात नवे रूळ जुन्याच भरावावर पडले, तर पायवाटेला काही उरत नाही. वळण सरळ करताना किंवा शेजारी नवा पूल बांधताना मार्ग सरकतो, तिथेच जुना भराव मोकळा सापडतो. ऊसतोडीनंतर शोधावे, उभ्या उसात भराव दिसतच नाही.

रूळ जागेवर असतील तर रुळाचा माथा, म्हणजे चाक टेकते तो वरचा भाग, पाहावा. तो चकाकत असेल तर गाडी जाते. मात्र गंज म्हणजे मार्ग बंद, असे धरू नये, कारण मालधक्क्याच्या रुळांवर क्वचितच गाडी येते. रूळ गेले तरी जमीन बहुधा रेल्वेचीच राहते. विनापरवाना शिरल्यास रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परवानगी आधी घ्यावी.

खरा धोका मोऱ्या आणि पुलांवर असतो. लोखंडी तुळयांच्या (गर्डर) पुलावर रुळांखालचे आडवे स्लीपर काढलेले असले की खाली थेट पात्र. लाकडी स्लीपर वरून धड दिसतो, पण आतून कुजलेला असतो, म्हणून त्यावर भार टाकू नये. खाली उतरून ओढा ओलांडावा. दगडी मोरीच्या सांध्यात पिंपळ रुजला असेल, तर मुळांनी चिरे सुटलेले समजावे. काळ्या मातीच्या भरावाला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसात त्यांत पाणी शिरून कडा ढासळतात; चालताना मधोमध राहावे. खडीवर घोटा मुरगळतो, त्यामुळे घोट्यावर चढणारे बूट आणि गवत चाळवायला काठी हवी. खडीच्या फटींत घोणस, फुरसे बसलेले असते.