एलएलपी भागीदार : नोकरी व करविषयक दर्जा

मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, 2008 खाली स्थापन झालेल्या एलएलपीचा भागीदार रोज दहा तास राबला, तरी कायद्याच्या लेखी तो नोकर नव्हे. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 15 चे स्पष्टीकरण भागीदाराच्या 'पगारा'ला पगार मानत नाही. कलम 28 नुसार ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते. त्यामुळे पगारदारांची प्रमाणित वजावट नाही, फॉर्म 16 (मालक देतो तो पगार व करकपातीचा दाखला) नाही. विवरणपत्र आयटीआर-3 मध्ये भरायचे आणि आगाऊ कराचे हप्ते स्वतः सांभाळायचे. (कलमांचे क्रमांक 1961 च्या अधिनियमाचे आहेत, 2025 च्या नव्या अधिनियमात ते बदलले.) कर्मचारी राज्य विमा योजनेपुरता (ईएसआय) भागीदार कर्मचारी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या निकालात स्पष्ट केले.

एलएलपीला 30 टक्के कर व त्यावर 4 टक्के उपकर लागतो; उत्पन्न एक कोटीवर गेल्यास अधिभारही. कर भरून उरलेला नफ्याचा हिस्सा भागीदाराला करमुक्त.

खरी मेख कलम 40(ब) मध्ये आहे. प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या भागीदारांचा एकूण मोबदला पुस्तकी नफ्याच्या (भागीदारांचा मोबदला वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के किंवा 3 लाख, यांतील जास्त रक्कम, आणि पुढे 60 टक्के, एवढाच एलएलपीच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. भांडवलावरील व्याज सरळव्याजाने 12 टक्क्यांपर्यंत. पुस्तकी नफा 10 लाख असेल तर 5.40 अधिक 2.40, म्हणजे 7.80 लाख वजा. एलएलपीचा कर उरलेल्या 2.20 लाखांवर, 68,640 रुपये. मोबदला वजा झालाच नाही, तर तोच कर 3.12 लाख होतो. मर्यादेबाहेरच्या रकमेवर भागीदाराकडून पुन्हा कर घेतला जात नाही, हा थोडा दिलासा.

वजावट हुकते ती बहुधा करारनाम्यामुळे. 'भागीदार परस्पर संमतीने ठरवतील तो मोबदला' एवढे मोघम कलम चालत नाही. रक्कम किंवा ती काढण्याची रीत लिहिलेली हवी. करारनामा बदलल्यास 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे फॉर्म 3 भरावा. बदल मागील तारखेपासून लागू केला, तरी आधीच्या काळाची वजावट मिळत नाही.

1 एप्रिल 2025 पासून कलम 194टी ची भर पडली. भागीदाराचा मोबदला, बोनस, कमिशन व व्याज मिळून वर्षाला 20,000 रुपयांवर गेले, की 10 टक्के टीडीएस (रक्कम देतानाच होणारी करकपात). रक्कम नुसती भांडवल खात्यात जमा केली तरी तो कापावा लागतो. नफ्याचा हिस्सा किंवा स्वतःचे भांडवल काढून घेणे यात येत नाही. म्हणून दरमहाची उचल नाव न देता दाखवून 31 मार्चला तिचा मोबदला करण्याची जुनी सवय आता महागात पडू शकते: कपात उचलीच्या दिवशीच व्हायला हवी होती, असा मुद्दा निघून व्याज लागते.