ब्राझीलच्या सेरी डी मध्ये खेळायचंय? कागद कुठे अडकतात ते आधी वाचा

ब्राझीलच्या फुटबॉल लीगमध्ये सेरी ए अवघड आहे पण सेरी डी म्हणजे चौथी पायरी, तिथे तर घेतीलच, असं आपल्याकडे बऱ्याच पोरांना वाटतं आणि त्यांच्या आईवडिलांनाही. खेळाच्या बाबतीत ते किती खरं ते बाजूला ठेवू, कागदांच्या बाबतीत ते अजिबात खरं नाही. रजिस्ट्रेशनचे नियम वर आणि खाली तेच आहेत, फरक इतकाच की वरच्या क्लबकडे ते बघायला वकील आणि अख्खं ऑफिस असतं आणि खालच्या क्लबमध्ये बऱ्याचदा एकच माणूस सगळं सांभाळतो, तो सुट्टीवर गेला की फाईल पडून राहते. म्हणून कुठला कागद कोण देतं आणि कुठली तारीख कशी मोजायची हे खेळाडूला स्वतःला माहीत असलंच पाहिजे.

आधी लीग समजून घ्या, कारण पहिली चूक इथेच होते. सेरी डी 2009 ला सुरू झाली. ए, बी आणि सी मध्ये क्लब असतो तो खाली पडेपर्यंत असतो, डी मध्ये तसं नाही. डी ची जागा एका वर्षापुरती असते. एस्तादुआल म्हणजे राज्याची चॅम्पियनशिप, त्यात आधीच ए, बी, सी मध्ये असलेले क्लब वगळून बाकीच्यांमध्ये जे वर येतात त्यांना पुढच्या वर्षीच्या डी ची जागा मिळते, शिवाय सी मधून पडलेले येतात. कुठल्या राज्याला किती जागा ते फेडरेशनच्या रँकिंगवर ठरतं. काही राज्यांत वेगळा कप असतो, साओ पावलोत कोपा पाउलिस्ता आहे, तिथूनही डी चा रस्ता निघतो. खर्च झेपत नाही म्हणून एखादा क्लब जागा सोडतो, मग फेडरेशन पुढच्या क्लबला विचारते. 2025 पर्यंत डी मध्ये 64 क्लब होते आणि चार वर जायचे, 2026 पासून 96 केलेत आणि सहा वर जातात.

याचा खेळाडूला काय अर्थ? "हा सेरी डी चा क्लब आहे" असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या वर्षी? या वर्षी डी खेळणारा क्लब पुढच्या वर्षी कुठल्याच राष्ट्रीय सेरीत नसू शकतो, तिथे त्याला "सेम सेरी", म्हणजे सेरीच नसलेला, असं म्हणतात. असा क्लब राज्याची स्पर्धा संपली की उरलेलं वर्ष रिकामा बसतो, पगारही तसाच. आणि डी मध्ये असला तरी 96 च्या फॉरमॅटमध्ये सहा-सहाचे ग्रुप आहेत, म्हणजे खात्रीच्या मॅचेस दहाच. वर्षभराचं काम समजून जाऊ नका.

क्लबच्या बाजूचे रुटीन कागद (राज्य फेडरेशनची मेंबरशिप, टॅक्स नंबर वगैरे) क्लबकडे असतातच, त्यात अडकायचं कारण नाही. अडकतात ते स्टेडियमच्या लाउदोमध्ये. लाउदो म्हणजे तपासणीचा रिपोर्ट, आणि ते चार लागतात: मिलिटरी पोलिसांचा सुरक्षेचा, इंजिनिअरचा बांधकामाचा, फायर ब्रिगेडचा आगीचा आणि आरोग्य खात्याचा स्वच्छतेचा. चार वेगवेगळी खाती, प्रत्येकाची मुदत वेगळी, एक रिन्यू होईपर्यंत दुसरा संपतो. फायरवाला तर सगळ्यात जास्त रखडतो, कारण स्टेडियम बहुतेक वेळा नगरपालिकेचं, क्लब फक्त भाडेकरू, जिना रुंद करायचा किंवा नवीन गेट काढायचं तर पैसे नगरपालिकेने द्यायचे आणि तारीख मात्र क्लबची जाते. मला याचा खरंच राग येतो. ज्या क्लबचं तिकीटविक्रीवर पोट आहे त्याला बंद दरवाज्यात खेळायला लावतात किंवा दुसऱ्या गावात जायला लावतात, आणि ज्या खात्याने रिपोर्ट लटकवला त्याला कुणी काही विचारत नाही.

पण म्हणून थेट कोर्टात धाव घ्यायची नाही. ब्राझीलच्या 1988 च्या संविधानात कलम 217 आहे, त्यात लिहिलंय की खेळाच्या शिस्तीचा आणि स्पर्धेचा वाद आधी क्रीडा न्यायालयात संपवायचा, मगच साध्या कोर्टात जायचं. आक्रे राज्यातल्या रियो ब्रांकोने 2011 मध्ये स्टेडियमच्या वादात साधं कोर्ट गाठलं आणि त्यांना सेरी सी मधून बाहेर काढलं, पुढे त्या जागेवरून इतकी भांडणं झाली की 2012 ला सी आणि डी दोन्ही उशिरा सुरू झाल्या. डी च्या क्लबांचा त्यात काही संबंध नव्हता तरी त्यांचे खेळाडू थांबून राहिले.

आता बीआयडी. हे एक नीट समजलं तर निम्मे प्रॉब्लेम संपतात. सीबीएफ म्हणजे ब्राझीलचं फुटबॉल महामंडळ, ते रोज एक बुलेटिन काढतं, ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर झालं त्यांची नावं त्यात येतात. त्यात नाव आलं नाही तर तुम्ही खेळाडू नाही, मग क्लबने जर्सी दिलेली असो, फोटो टाकलेला असो, प्रेसिडेंटने हात मिळवलेला असो. सही केली म्हणजे रजिस्टर झालं असं नाही. क्लब कागद राज्य फेडरेशनकडे टाकतो, तिथून सीबीएफकडे जातो, कुठेही एक आकडा चुकला की परत येतो.

आणि तारीख. नाव साधारणपणे मॅचच्या आधीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत बीआयडीत यावं लागतं. मॅच रविवारी असेल तर शनिवार मोजायचा नाही, शुक्रवार मोजायचा, आणि शुक्रवारी त्यांची सुट्टी असेल तर गुरुवार. ब्राझीलला राष्ट्रीय सुट्ट्या वेगळ्या, राज्याच्या वेगळ्या, कार्निव्हल तर आहेच. शिवाय त्या स्पर्धेत नवीन नावं घालायची एक शेवटची तारीख असते ती आणखी वेगळी, आणि परदेशातून येणाऱ्यासाठी ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची ठरलेली मुदत, तिसरीच. तीन तारखा आहेत आणि तिन्ही पाळाव्या लागतात, एक पाळली की झालं असं समजून खूप जण फसतात. दर वर्षी स्पर्धेचा स्वतंत्र नियम निघतो, त्याला रेग्युलामेंतो एस्पेसिफिको म्हणतात, मागच्या वर्षीचा वाचून निर्णय घेऊ नका.

तारीख चुकीची वाचली तर काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे साओ पावलोची पोर्तुगेसा. 1920 चा क्लब, 1996 ला ब्राझीलमध्ये दुसरा आलेला. 2013 च्या सेरी ए ला शेवटच्या मॅचमध्ये त्यांनी एव्हेर्तोन नावाचा खेळाडू शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरवला. त्याच्यावरची बंदी शुक्रवारी सुनावली होती आणि मॅच रविवारी. क्लबचं म्हणणं होतं की निकाल सोमवारी प्रसिद्ध झाला तर आम्हाला तो लागू कसा, क्रीडा न्यायालय म्हणालं सुनावला तेव्हापासूनच लागू. नियम असा आहे की अपात्र खेळाडू उतरवला तर विजयाचे तीन पॉइंट कापायचे आणि त्या मॅचमध्ये मिळालेलेही काढून घ्यायचे. मॅच 0-0 होती म्हणून चार गेले, पोर्तुगेसा खाली गेली आणि खाली जाणारा फ्लुमिनेन्स क्लब वाचला. पुढे 2014 ला ते बी मधूनही पडले, 2016 ला सी मधून, 2017 ला डी खेळून कुठल्याच सेरीत राहिले नाहीत. परत यायला त्यांना 2020 ची कोपा पाउलिस्ता जिंकावी लागली, तेव्हा कुठे 2021 च्या डी मध्ये जागा मिळाली. मोठ्या क्लबची ही गत होते तर लहान क्लब तुमचा अर्धवट कागद घेऊन तुम्हाला उतरवण्याचा धोका कशाला पत्करेल? बेंचवर बसवतील, मग महिनाभराने कॉन्ट्रॅक्ट मोडायची भाषा करतील.

भारतातून जाणाऱ्यासाठी पात्रता एका ओळीत: वय 18 पूर्ण, क्लबचं लेखी कॉन्ट्रॅक्ट, आणि आयटीसी (देश बदलताना लागणारं सर्टिफिकेट, त्याबद्दल पुढे येतंच). 18 च्या खालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फिफाने बंद ठेवली आहे, अपवाद अगदी थोडे आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर. सोळा वर्षांच्या मुलाला "आत्ता पाठवा, रजिस्टर करून घेऊ" असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, पालकांनी कृपा करून पैसे देऊ नयेत. ब्राझीलच्या मुलांना 16 ला प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट करता येतं, तो नियम दाखवून आपल्या लोकांना गंडवतात.

कॉन्ट्रॅक्ट कमीत कमी तीन महिन्यांचं आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचं असतं. डी वाले बहुतेक कमीत कमीच्या जवळ जातात, आणि तुमची राहण्याची परवानगी त्याच कॉन्ट्रॅक्टवर टिकून असते, हे सही करताना लक्षात ठेवा.

आयटीसी म्हणजे इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट. हे खेळाडूला मागता येत नाही. तिकडचा क्लब फिफाच्या सिस्टिममधून प्रोसेस सुरू करतो, सीबीएफ एआयएफएफकडे म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनकडे मागतं, एआयएफएफ देतं. आपल्याकडे गोंधळ असा की पोरगं सांगतं मी कधी प्रोफेशनल खेळलोच नाही, मला काय आयटीसी. पण एआयएफएफच्या सीआरएस मध्ये, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या सिस्टिममध्ये, तुमचं नाव वीफा (महाराष्ट्राची फुटबॉल संघटना) किंवा गोवा फुटबॉल असोसिएशनच्या कुठल्यातरी क्लबमार्फत टाकलेलं असतं, लीगमध्ये दोन मॅच खेळला असाल तरी, आणि तिथे नाव असलं की हौशी खेळाडूलाही आयटीसी लागतं. जायच्या आधी आपल्या जुन्या क्लबकडून लेखी घ्या की काही बाकी नाही. विंडोच्या शेवटच्या आठवड्यात जुना क्लब फोन उचलत नाही ही तक्रार कायम ऐकू येते.

व्हिसाचं म्हणाल तर वर्क व्हिसासाठी आधी क्लबने ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाकडे राहण्याची परवानगी मागायची, ती मंजूर झाली की मग तुम्ही कॉन्सुलेटला जायचं, मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट जनरल आहे. उलट्या क्रमाने गेलात तर परत पाठवतील. व्हिजिट व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही. तिथे पोचल्यावर राहण्यासाठी अर्ज करायची सोय कायद्यात आहे, पण त्यालाही कॉन्ट्रॅक्ट लागतंच, "आधी या, मग बघू" ला काही अर्थ नाही. व्हिसावर गेलात की 90 दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करायची.

आता तो कागद, जो आपल्या कुणाकडेच धड नसतो. ब्राझीलमध्ये कुठलाही फॉर्म घ्या, आईचं नाव विचारतात. सीपीएफ म्हणजे त्यांचा टॅक्स नंबर, त्याशिवाय बँक नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही, साधं सिमकार्ड घेणंही अवघड, आणि सीपीएफच्या फॉर्मवर वडिलांचं नाव नसलं तर चालतं पण आईचं हवंच. आपल्याकडे जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तिसरंच स्पेलिंग, कधी तर आईच्या नावापुढे आडनावच नाही. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही, तिथला क्लार्क मात्र दोन वेगळ्या बायका समजतो आणि फाईल परत. त्यात चूक क्लार्कचीही नाही. म्हणून निघायच्या बऱ्याच आधी जन्मदाखला आणि पासपोर्ट दोन्हीकडे आईचं नाव अक्षर न अक्षर एकच करून घ्या. पासपोर्टवर तुमचं स्वतःचं आडनाव कोरं असेल तर तेही आत्ताच भरून घ्या.

जन्मदाखला आणि पोलिस क्लिअरन्स या दोन्हीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल हवा, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारायचा शिक्का. नुसती नोटरी चालत नाही. क्लिअरन्स अगदी शेवटी काढा, जुना झाला की घेत नाहीत. भाषांतराबद्दल नीट ऐका: पणजीत किंवा पुण्यात कुणी छान पोर्तुगीज करून दिलं तरी तिथल्या सरकारी कामाला सहसा ते धरत नाहीत, त्यांना त्यांच्याकडे नोंदलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं लागतं, त्याला त्रादुसांव जुरामेंतादा म्हणतात. ते ब्राझीलमधूनच करून घ्या आणि अपोस्टिल झाल्यानंतरच, कारण त्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. आधी भाषांतर करून मग शिक्का मारला तर पैसे दोनदा जातात.

गोव्याचा रोमियो फर्नांडिस 2015 ला डेम्पो क्लबकडून लोनवर ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्से क्लबला गेला आणि पराना राज्याच्या चॅम्पियनशिपमध्ये उतरला. त्याचं नाव सगळे घेतात पण कसा गेला ते कुणी बघत नाही: दोन क्लबांमधला करार होता, ब्राझीलचा जुना स्टार झिको कोच असताना त्याच्या हाताखाली एफसी गोवाला खेळलेला खेळाडू होता, ट्रायलची फी भरून कुणा एजंटबरोबर गेलेला नव्हता. एजंट खरा असेल तर त्याच्याकडे फिफाचं लायसन्स असतं आणि ते ऑनलाइन तपासता येतं. ट्रायलसाठी मोठी रक्कम आधी मागितली, आणि क्लबचं पत्र फेडरेशनच्या नावाशिवाय साध्या ईमेलवरून आलं, तर तिथेच थांबा.

तपासायचं कसं? सीबीएफच्या वेबसाईटवर बीआयडी सगळ्यांना उघडं आहे, पासवर्ड लागत नाही. राज्य निवडा, तारीख टाका, क्लबचं नाव बघा. जो क्लब तुम्हाला बोलावतोय त्याने या सीझनला किती जणांची नावं टाकलीत ते दिसेल. एकही नाव नसेल तर त्या क्लबला लिहून विचारा की यंदा कुठली स्पर्धा खेळताय आणि माझं कॉन्ट्रॅक्ट कुठल्या तारखेपर्यंत बीआयडीत येणार. तारखेसकट लेखी उत्तर येत नाही तोपर्यंत तिकीट काढू नका.