डिजिटल दरी, विद्यापीठीय अध्यापकांमधील

विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये यांतील अध्यापकांना संगणक, इंटरनेट व अध्यापन-संशोधनाची डिजिटल साधने मिळण्यात आणि ती वापरण्याच्या कौशल्यात जी तफावत आढळते, तिला ही संज्ञा लावतात. डच अभ्यासक यान फान डाइक यांनी प्रेरणा, भौतिक साधने, कौशल्ये व प्रत्यक्ष वापर असे डिजिटल प्राप्तीचे चार टप्पे मानले. अध्यापकांविषयीची चर्चा मात्र बहुधा ‘शिकायची इच्छा नाही’ आणि ‘येत नाही’ या दोन शेऱ्यांवर थांबते, आणि साधनांचा प्रश्न बाजूला राहतो.

अमेरिकन शिक्षणविषयक लेखक मार्क प्रेन्स्की यांनी 2001 मध्ये मांडलेल्या ‘डिजिटल मूळनिवासी’ (लहानपणापासून डिजिटल साधनांत वाढलेले) व ‘डिजिटल स्थलांतरित’ (ती मोठेपणी शिकलेले) या भेदामुळे वयाला अवास्तव महत्त्व आले. निवृत्तीला आलेला संख्याशास्त्राचा प्राध्यापक कित्येक वर्षे संगणकावरच काम करत आलेला असतो, तर नव्या अध्यापकाचा सारा डिजिटल वावर मोबाइलपुरता असू शकतो.

महाराष्ट्रात वयापेक्षा नेमणुकीचा प्रकार अधिक बोलका ठरतो. अनुदानित पदावरील पूर्णवेळ प्राध्यापकाला विभागातील संगणक हाताशी असतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते आणि लॅपटॉप, डेटा यांचा खर्च बहुधा त्याच्याच खिशातून होतो. मार्च 2020 मधील टाळेबंदीनंतर वर्ग घरातून भरू लागले, तेव्हा हा फरक ठळक झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) देशातील शहरी कुटुंबांपैकी 42 टक्के, तर ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम 15 टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, आणि ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक अध्यापक याच परिसरात राहतात.

मराठीतून शिकवणाऱ्यांपुढे लिपीचीही अडचण होती. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतपद्धती रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकित होई व तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उमटे. त्यामुळे हस्तलिखित डीटीपीवाल्याकडे देण्याची रीत पडली. इंग्रजीत सहज टंकन करणारे कितीतरी अध्यापक अजूनही मराठी टिपणांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असतात. त्याला कौशल्याचा अभाव म्हणण्याआधी हा इतिहास पाहावा लागतो.

मुंबई विद्यापीठातील 2017 चा प्रसंग या संदर्भात बोधक आहे. त्या उन्हाळी परीक्षांच्या 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐनवेळी अमलात आणला गेला. प्रशिक्षणाला पुरेसा अवधी मिळाला नाही, यंत्रणेत वारंवार तांत्रिक अडथळे आले, आणि कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटूनही अनेक निकाल रखडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. प्राध्यापकांना पडद्यावरील तपासणी जमत नाही, असा सूर त्या काळात लागला होता. पण ज्या प्रणालीची ओळखच धड झालेली नाही, तिच्यावरून कोणाचे कौशल्य जोखणे रास्त नव्हते.

प्रशिक्षणाची व्यवस्था जुनी आहे. पूर्वीची अकॅडमिक स्टाफ कॉलेजे पुढे मानव संसाधन विकास केंद्रे झाली व 2023 पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. तेथील अभ्यासक्रम नियमित अध्यापकांच्या पदोन्नतीत मोजले जातात; तासिका तत्त्वावरील अध्यापकांना पदोन्नतीच लागू नसल्याने त्यांच्यासाठी असे प्रोत्साहन उरत नाही.