गळा आवळणं वेगळा गुन्हा कसा ठरला

गळा आवळला की साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. मानेतल्या रक्तवाहिन्या दाबायला फार जोर लागत नाही आणि सुटका झाल्यावर कित्येकदा साधा वळही उठलेला नसतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी या कृत्यासाठी वेगळे कायदे केले, ते या न उठलेल्या वळामुळे.

त्याआधी मारहाणीचा गंभीर गुन्हा लावायचा तर जखम दाखवावी लागे. पोलिस मानेकडे बघत, काही दिसलं नाही की प्रकरण थोबाडीत मारल्याइतकं किरकोळ ठरे. शब्दांनीही घात केला. घशात घास अडकण्यासाठी इंग्रजीत जो 'चोक' शब्द आहे, तोच बायका तक्रारीत वापरत आणि ऐकणाऱ्याला त्यातला जीवघेणेपणा कळतच नसे.

१९९५ मध्ये सॅन डिएगोत दोन किशोरवयीन मुलींचे खून झाले. त्यानंतर तिथल्या सरकारी वकील गेल स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी गळा आवळल्याच्या ३०० जुन्या तक्रारी उघडून पाहिल्या. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या प्रकरणांत एकही खूण दिसली नव्हती. आणखी ३५ टक्क्यांत ती इतकी पुसट होती की फोटोत येईना. म्हणजे पुरावा मागणारा कायदा जो पुरावा मागत होता, तो बहुतेक बायकांकडे असणंच शक्य नव्हतं. २००८ च्या एका संशोधनाने त्याहून भयंकर गोष्ट समोर आणली: जोडीदाराने आधी गळा आवळलेला असेल, तर पुढे त्या बाईचा खून होण्याची शक्यता सुमारे सात पट.

मिनेसोटाने २००५ मध्येच घरातल्या अशा हल्ल्याला गंभीर गुन्हा ठरवलं होतं. न्यूयॉर्कचा २०१० चा कायदा मला सगळ्यांत नेमका वाटतो. श्वास किंवा रक्तप्रवाह अडवण्याच्या हेतूने मान दाबली, नाक-तोंड बंद केलं, एवढंच तिथे गुन्ह्याला पुरतं. जखम लागत नाही. शुद्ध हरपली तर गुन्हा वरच्या श्रेणीत जातो. २०१३ मध्ये केंद्रीय कायद्यातही ही तरतूद आली, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची. ओहायोला मात्र २०२३ उजाडावं लागलं.

कायद्याबरोबर तपासही बदलावा लागला. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आलेत का, कपड्यांत लघवी झाली होती का, असे प्रश्न पोलिसांना आणि नर्सना शिकवले जाऊ लागले.