पौंड फॉर पौंड श्रेष्ठ आणि सार्वकालिक महान: बॉक्सिंगमधले दोन वेगळे प्रश्न

सर्वांत महान बॉक्सर कोण, हा वाद सुरू झाला की तो लगेच भरकटतो. एकजण मोहम्मद अलीचं नाव घेतो, दुसरा शुगर रे रॉबिन्सनचं. तिसरा फ्लॉइड मेवेदरचे ५० लढतींतले ५० विजय पुढे करतो, तर चौथा मॅनी पॅकियाओचे आठ वजनगटांतले किताब मोजून दाखवतो. चौघांचीही माहिती खरी असते, तरी वाद सुटत नाही, कारण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देत नसतात. पौंड फॉर पौंड कोण श्रेष्ठ, हा एक प्रश्न आहे आणि आजवरचा सर्वांत महान कोण, हा दुसरा.

पौंड फॉर पौंड म्हणताना वजनाचा फायदा-तोटा हिशेबातून काढून टाकायचा. सगळे एकाच वजनाचे आहेत असं धरायचं आणि विचारायचं, बॉक्सिंग कोणाचं सरस? ठोसा किती चटकन सुटतो, पाय कुठे पडतात, समोरच्याच्या अंतराचा अंदाज किती अचूक आहे, डावा हात जॅबखेरीज, म्हणजे सरळ झटक्याच्या ठोशाखेरीज, आणखी काय काय करू शकतो, हे इथे बघायचं. हा प्रश्न कौशल्याचा आहे आणि बहुतेक वेळा चालू घडीचा. ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या मासिकाने १९८९ मध्ये अशी क्रमवारी सुरू केली तेव्हा सर्वांत वर माइक टायसन होता. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत आडवा केला आणि ते स्थान गेलं. या यादीत कुणाचीच जागा पक्की नसते.

दुसऱ्या प्रश्नात अख्खी कारकीर्द तोलायची असते. कुणाला हरवलं, ते प्रतिस्पर्धी तेव्हा भरात होते की उतरणीला लागले होते, किती वर्षं माथ्यावर टिकला, हरल्यावर परत आला का? याचं उत्तर हातमोजे उतरवल्यावरच नीट देता येतं.

अलीला या दुसऱ्या प्रश्नात तोड नाही, निदान हेवीवेटमध्ये तरी नाही. १९६४ मध्ये सनी लिस्टन, १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमन, १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्स अशा तिघांना हरवून तो तीनदा जगज्जेता झाला. मधली साडेतीन वर्षं, तीही ऐन उमेदीची, सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे रिंगबाहेर गेली. पण पौंड फॉर पौंड हा प्रश्न मुळात अलीसारख्यांसाठी नाहीच. हेवीवेट हा सर्वांत वरचा गट, तिथल्या विजेत्याला सगळं जग आपोआप ओळखतं. महाराष्ट्र केसरीत खालच्या वजनगटांत कितीही देखण्या कुस्त्या झाल्या तरी गदा केसरी गटातल्या पैलवानाच्याच खांद्यावर जाते, तसंच हे. अंगाने लहान असलेल्या बॉक्सरच्या कसबाला न्याय मिळावा म्हणून पौंड फॉर पौंडची भाषा लागते. अली रॉबिन्सनला हरवेल का, असं विचारण्यात म्हणून काही अर्थ नाही. हरवेलच, अंगाच्या जोरावर. त्यातून दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

हेवीवेटमध्येही अपवाद असतो. मे २०२४ मध्ये रियाधला ओलेक्सांद्र उसिकने आपल्याहून जवळजवळ ४० पौंडांनी जड असलेल्या टायसन फ्युरीला गुणांवर हरवलं. तिथे हा प्रश्न पुरेपूर लागू होतो.

सगळा घोळ होतो तो रॉबिन्सनपाशी, कारण दोन्ही प्रश्नांना त्याचंच नाव पहिलं येतं, निदान माझ्या मते तरी. म्हणून लोकांना दोन्ही प्रश्न एकच वाटतात. ते वेगळे कसे, हे त्याच्याच एका लढतीत लख्ख दिसतं. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. रॉबिन्सन तेव्हा मिडलवेटचा जगज्जेता, वजन १५७.५ पौंड. समोर लाइट हेवीवेटचा विजेता जोई मॅक्सिम, १७३ पौंडांचा. साडेपंधरा पौंडांचा फरक. रिंगवरच्या दिव्यांखाली उकाडा असा की पारा चाळीस अंशांच्या आसपास. दहाव्या फेरीनंतर रेफरी रुबी गोल्डस्टीनलाच उभं राहवेना, त्याच्या जागी दुसरा रेफरी आणावा लागला. रॉबिन्सन मात्र फेरीमागून फेरी जिंकत होता. मॅक्सिम जवळ येऊन बिलगायचा, अंगावर रेलायचा आणि रॉबिन्सन सुटून पुन्हा मारायचा. तेराव्या फेरीत त्याने फिरवलेला ठोसा हुकला आणि तो स्वतःच्याच झोकाने तोंडावर पडला. चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. तिन्ही गुणपत्रिकांवर तो पुढे होता.

सुमारे २०० लढतींच्या कारकिर्दीत ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच हरलेली ही त्याची एकमेव लढत. कारकिर्दीच्या हिशेबात ती सरळ पराभव म्हणून पडते: तिसऱ्या वजनगटातला किताब मिळाला नाही, विषय संपला. पौंड फॉर पौंडच्या हिशेबात मात्र ती त्याच्या थोर लढतींपैकी एक आहे, कारण इतक्या जड जगज्जेत्याला त्याने बारा-तेरा फेऱ्या निव्वळ कसबावर खेळवलं.

पराभवांचं म्हणाल तर या लढतीपर्यंत, म्हणजे १३० हून जास्त लढतींत, तो आधी फक्त दोनदा हरला होता: १९४३ मध्ये डेट्रॉइटला जेक लामोटाकडून आणि १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनकडून. लामोटा त्या दिवशी सोळा पौंडांनी जड होता, आणि एकूण सहा लढतींपैकी उरलेल्या पाच रॉबिन्सननेच जिंकल्या. टर्पिनची परतफेड दोनच महिन्यांत केली. बाकीचे पराभव उतारवयातले, १९६५ पर्यंत खेळत राहिल्यामुळे आलेले. म्हणून मेवेदरच्या किंवा ४९ लढतींत अजिंक्य राहिलेल्या हेवीवेट रॉकी मार्सियानोच्या पराभवांच्या शून्यावर कुणी फार भर दिला की मला पटत नाही. कधी कुणाशी लढायचं हे नीट निवडलं तर शून्य राखता येतं. मेवेदर अफाट बॉक्सर होता, पण तो कसा लढला यासाठी त्याला मोठं म्हणावं.

दुसरा गोंधळ किताबाच्या पट्ट्यांचा. जितक्या जास्त वजनगटांत किताब, तितका पौंड फॉर पौंड मोठा, असं सर्रास धरलं जातं. वास्तविक वजनगट चढत जाणं ही कारकिर्दीतली कामगिरी, आणि तिचं मोल काळाप्रमाणे बदलतं. हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट असे तीन किताब जिंकले आणि ते एकाच वेळी त्याच्याकडे होते. तेव्हा सगळे मिळून आठच मूळ वजनगट होते आणि बहुतेक गटांत सर्वमान्य विजेता एकच. आज सतरा गट आहेत आणि प्रत्येक गटात चार-चार संघटना आपापले पट्टे वाटतात. याने पॅकियाओ लहान होत नाही. १९९८ मध्ये ११२ पौंडांच्या गटात जगज्जेता झालेला हा माणूस २०१० मध्ये १५४ पौंडांच्या किताबासाठी अँतोनियो मार्गारितोसमोर उभा राहिला, लढतीच्या रात्री त्याच्याहून सुमारे सतरा पौंडांनी हलका होता, आणि त्याला सुजवून सोडलं. तरी महानतेच्या यादीत मी आर्मस्ट्राँगला त्याच्या वर ठेवतो, अलीच्याही वर. रॉबिन्सन, आर्मस्ट्राँग, अली असा माझा क्रम.

पहिल्या प्रश्नाची माझी यादी वेगळी आहे. तिथे रॉबिन्सननंतर रॉय जोन्स येतो. नव्वदच्या दशकातले त्याचे हात आणि पाय पाहिले की बाकी कुणी सुचत नाही. मिडलवेटमधून सुरुवात करून २००३ मध्ये त्याने जॉन रुइझकडून हेवीवेटचा पट्टाही घेतला. पण २००४ मध्ये अँतोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत पाडलं आणि पुढची घसरण लांबत गेली. बर्नार्ड हॉपकिन्स आणि जेम्स टोनी सोडले तर भरातल्या जोन्सने हरवलेल्यांत थोर म्हणावीत अशी नावं मोजकीच. दुसऱ्या यादीत तो पहिल्या दहांत बसेल याची मला खात्री वाटत नाही.

हॅरी ग्रेबचं नेमकं उलट आहे. मिडलवेटच्या वजनाचा हा माणूस १९२२ मध्ये जीन टनीला हरवून गेला. टनी पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि कारकिर्दीत दुसऱ्या कुणाकडूनही हरला नाही. ग्रेबच्या लढती तीनशेच्या घरात. महान बॉक्सरांच्या यादीत त्याला पहिल्या पाचांत घ्यायला तेवढं पुरे आहे. पण त्याच्या एकाही लढतीचं चित्रण उरलेलं नाही. त्याचे पाय कसे पडत, ठोसे कुठून येत, हे आपण बघूच शकत नाही, म्हणून पौंड फॉर पौंडच्या यादीत मी त्याला जागाच देत नाही.