हृदय थांबल्यानंतरचे सहा तास

हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू त्याला २० टक्के लागतो आणि साठा जवळजवळ नसतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाची, रेषा सपाट होते. चार ते सहा मिनिटांत पेशींचं कायमचं नुकसान सुरू होतं. सीपीआरची, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची, घाई त्यासाठीच.

या दरम्यान जाणिवेचं काय होतं? मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये हृदय थांबलेल्या उंदरांच्या मेंदूत गॅमा लहरींची, म्हणजे जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या वेगवान विद्युत लहरींची, उसळी दिसली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्हेंटिलेटर काढलेल्या चार मरणासन्न रुग्णांपैकी दोघांत तशीच उसळी दिसली. त्या दोघांना काही जाणवलं का, हे विचारायची सोय नव्हती. त्यामुळे या लहरींना आत्म्याचा पुरावा ठरवणं चुकीचं आहे.

शरीर मात्र सावकाश थांबतं. आखडलेला स्नायू सैल व्हायलाही एटीपी हे इंधन लागतं. ते संपलं की स्नायूंतले तंतू एकमेकांत अडकून बसतात. पापण्या आणि जबडा दोन-तीन तासांत ताठरतात, सगळं अंग साधारण बारा तासांत. घरातली जाणती माणसं हनुवटीखालून फडकं बांधतात, पायाचे अंगठे जोडून बांधतात, ते लगेच करायचं कारण हेच. उशीर झाला तर तोंड उघडंच राहतं. नखं-केस वाढल्यासारखे दिसतात, पण ते वाढत नाहीत. कातडी सुकून मागे सरते, इतकंच.

डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. ते बराचसा प्राणवायू थेट हवेतून घेतं, म्हणून रक्त थांबल्यावरही काही तास तगून राहतं. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं ते याच हिशेबाने. नेत्रपेढीला फोन केला की लगेच पापण्या मिटाव्यात, वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी देऊन डोकं साधारण सहा इंच उंच करावं म्हणजे डोळ्यांभोवती रक्त साकळत नाही. माणसं जमली की पंखा जोरात लावला जातो. नेमकं त्यानेच पटल सुकून निकामी होतं. पंखा बंद करावा, एसी असल्यास चालू ठेवावा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा.

चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी कशाचीही आडकाठी नाही. रेबीज, एचआयव्ही, बी किंवा सी कावीळ असेल तर मात्र डोळे वापरत नाहीत. सगळं काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही. मृत व्यक्तीने आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते.